मधल्या फळीखालची वायर

तलासरी तालुक्यात, उधव्याच्या पुढे, धरणाच्या पाण्यापलीकडे साखरीपाडा आहे. पाड्यावर उभं राहिलं की समोरचा डांबरी रस्ता दिसतो, रस्त्यावरून जाणाऱ्या जीपा दिसतात. पण पायी तिथं जायचं तर पाण्याला लांबचा वळसा घालून, टेकडी चढून-उतरून जावं लागतं. त्यामुळे पाड्याचं सगळं येणं-जाणं होडीवर.

पूर्वी ही होडी लडक्या वल्हवायचा. लाकडाची जुनी होडी होती, सारखी पाणी धरायची. पण दवाखान्यात जाणारं माणूस असो की बाजारातून येणारं तांदळाचं पोतं, लडक्या कधी नाही म्हणाला नाही. मग दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं पाड्यावरच्या बायकांच्या बचत गटाला फायबरची नवी होडी दिली, आणि तिला मागे लावायची बॅटरीवरची मोटर. पाण्यात दांडा सोडायचा, मूठ फिरवायची, की होडी आवाज न करता निघते. मोटर चालवायला कोण शिकेल असं विचारलं तेव्हा रूपीनं हात वर केला. तिचा नवरा नविन भिलाडच्या कारखान्यात पाळीवर जातो, घरी शेत आणि सासू रूपीच सांभाळते. एवढं सगळं सांभाळून ती होडीही चालवायला लागली, आणि चांगली चालवायला लागली.

एकच गोष्ट तिला सलायची. नवी होडी आली त्या दिवसापासून लडक्याकाकाला कुणी हाक मारली नाही. त्याची जुनी होडी काठावर पालथी पडली. तो भेटला की रूपी उगाच पदर सावरायची, गुरांचं विचारायची आणि पुढे सटकायची. आपण याच्या हातचं काम काढून घेतलं, असं तिला वाटायचं. त्यानं मात्र कधी काही बोलून दाखवलं नव्हतं.

पाड्यावर आता बऱ्याच घरांनी मोगरा लावला आहे. कळ्या उजाडायच्या आत तोडाव्या लागतात. त्या बंद असतानाच टेंपोत पडल्या पाहिजेत, कारण फुललेलं फूल बाजारात कुणी घेत नाही. टेंपो पलीकडच्या रस्त्यावर थोडा वेळ थांबतो आणि डहाणूकडे निघून जातो. म्हणून रोज सकाळी रूपीची पहिली फेरी मोगऱ्याची. ओल्या फडक्यात बांधलेल्या टोपल्या आणि त्यांच्याबरोबर पाच-सहा बायका.

फेब्रुवारीत एका सकाळी पाण्याच्या मध्यावर मोटर मंद झाली. रूपीनं मूठ पूर्ण फिरवली. पातं थोडं गरगरलं आणि थांबलं. चार्जरचा हिरवा दिवा तर तिनं स्वतः पाहिला होता. लाल म्हणजे चार्ज होतंय, हिरवा म्हणजे झालं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. बायकांनी हातांनी, टोपल्यांच्या झाकणांनी पाणी मारायला सुरुवात केली. होडी जागच्या जागी फिरत राहिली. पलीकडे टेंपोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला आणि तो गेला. हातांनी पाणी मारत होडी कशीबशी पाड्यावर परतली तोवर ऊन चढलं होतं आणि फडक्यांच्या आत मोगरा फुलला होता. त्या दिवशी पाड्यावरच्या प्रत्येक पोरीच्या केसांत गजरा होता आणि एकाही बाईच्या तोंडावर हसू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रूपी काठावर आली तेव्हा लडक्या आधीच तिथं बसलेला होता. जुन्या होडीची दोन्ही वल्ही त्यानं तेल लावून आणली होती. ती त्यानं नव्या होडीत ठेवली. बायका बसल्या, त्यानं वल्ही पाण्यात टाकली आणि टेंपो यायच्या आत टोपल्या पलीकडे पोचल्या. त्यानंतर तो रोज आला. थंडीत, धुक्यात, वारा उलटा असला तरी आला. परतताना रूपी त्याच्या पाठीकडे बघत बसायची. आभाराचे शब्द तिच्या तोंडापर्यंत यायचे. पण मागची दोन वर्षं ती त्याच्याशी धड बोलली नव्हती, आता सुरुवात कुठून करायची ते तिला कळत नव्हतं.

मोटरचं काहीतरी करायला हवं होतं. बॅटरी गेली असणार, असं नविन म्हणाला. सुट्टीच्या दिवशी दोघांनी ती जड बॅटरी पोत्यात घालून पलीकडे नेली, जीपनं तलासरी आणि तिथून एसटीनं डहाणू. स्टेशनजवळच्या गल्लीत बॅटरीचं एक दुकान आहे. रिक्षावाले, बंदरावरचे होडीवाले, सगळे तिथं येतात. दुकान दक्षाबेन चालवते. वडिलांचं अंग लुळं पडल्यावर ती गल्ल्यावर बसली, आणि हळूहळू गल्ला सोडून मीटर हातात घेऊन कामाला लागली. घरात गुजराती, दुकानात मराठी, बंदरावरच्या लोकांशी दोन्हींची खिचडी.

दक्षानं बॅटरी ठेवून घेतली, स्वतःच्या चार्जरवर भरली, लोड लावून तपासली. बॅटरी एकदम चांगली आहे, असं तिनं फोनवर सांगितलं. नविन जाऊन घेऊन आला. होडीत बसवली तर पहिल्या दिवशी मोटर छान चालली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. चार्जरवर हिरवा दिवा, आणि अर्ध्या वाटेत मोटर थंड.

मग चार्जर बिघडला असणार. रूपी एकटीच तो पिशवीत घालून डहाणूला गेली. दक्षानं तो दुकानातल्या एका बॅटरीला लावला, मीटरच्या दोन तारांचे काटे टेकवून बराच वेळ पाहत राहिली. चार्जरमध्येही काही दोष नव्हता. तसं तिनं सांगितलं, तेव्हा रूपी बाकावर बसली ती उठेचना. रडली नाही, भांडलीही नाही. तिनं फक्त विचारलं, "सगळंच चांगलं असेल तर आमची होडी का चालत नाही?"

दक्षानं मीटर बाजूला ठेवला. तिनं चहा मागवला. चहा पिता पिता होडीत वायर कुठून कुठे जाते, चार्जर कुठे लावतात, बॅटरी कुठे ठेवतात, असं एक एक विचारत गेली. रूपीनं बाकावर बोटानं होडी काढून दाखवली. बॅटरी पुढच्या टोकाला, मोटर मागच्या टोकाला. मागे एक डबी, त्या डबीतच मोटरची पिन लागते आणि चार्ज करताना चार्जरचीही. म्हणजे दोघांचा बॅटरीकडे जायचा रस्ता एकच, असं दक्षा स्वतःशीच म्हणाली. मग म्हणाली, "दोन वेळा तुम्हाला इथवर ओझं वाहायला लावलं आणि माझं काम तर अर्धंच झालं. सोमवारी दुकान बंद असतं. मी येते तुमच्याकडे."

रूपीला ते खरं वाटलं नाही. डहाणूहून एवढ्या लांब, पाण्यापलीकडे, एका होडीसाठी कोण येणार? पण सोमवारी सकाळी मोगऱ्याच्या टोपल्या उतरवून ती आणि लडक्या थोडं थांबले, तर उधव्याकडून आलेल्या इको गाडीतून दक्षा उतरली. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात जाड वायरचं भेंडोळं.

होडीपाशी आल्यावर मात्र ती थबकली. डहाणूत जन्म गेला, बंदरावरच्या कितीतरी होड्यांच्या बॅटऱ्या भरल्या, पण ती कधी होडीत बसली नव्हती. पाण्याची तिला लहानपणापासून भीती. हे तिनं सरळ सांगून टाकलं. लडक्यानं तिला मध्ये बसवलं, नारिंगी लाइफ जॅकेट घालायला दिलं आणि तो म्हणाला, "पाण्याकडं बघू नको. माझ्या हाताकडं बघ." पलीकडे पोचेपर्यंत दक्षा त्याच्या वल्ह्यांच्या मुठीकडे बघत बसली होती.

पाड्याच्या काठावर, होडी चार्ज करायच्या शेडमध्ये तिनं तपासायला सुरुवात केली. बॅटरीवर मीटर लावला, बारा व्होल्टच्या वर. मागच्या डबीत लावला, तिथंही तेवढेच. फ्यूज शाबूत. चार्जरची पिन घट्ट. मोटर पाण्याबाहेर धरून जरा फिरवली तर फिरली. पाड्यावरची माणसं गोळा झाली होती. लडक्याची म्हातारी बायको रंभा काळा चहा घेऊन आली. दक्षानं सगळं दुसऱ्यांदा तपासलं आणि मीटर गुंडाळून ठेवला. रूपीला वाटलं, संपलं. हीसुद्धा आता सगळं चांगलं आहे म्हणणार.

पण दक्षा म्हणाली की काठावर ही होडी कधीच बिघडणार नाही. रिकामी उभी असताना वायरीवर भारच नसतो. भरलेली होडी ओढताना काय होतं ते पाहायला हवं, म्हणजे मीटर घेऊन पाण्यावरच जायला हवं. हे सांगतानाच तिनं नारिंगी जॅकेट पुन्हा अंगात चढवलं.

ओझं हवं म्हणून रूपीनं शेजारच्या शितलला आणि तांदळाच्या दोन पोत्यांना होडीत घेतलं. शितल बसायला गेली, पण तिच्या नेहमीच्या जागेवर, मधल्या फळीवर, दक्षाची हत्यारं पसरली होती. ती पोत्याला टेकून बसली. लडक्या वल्ही घेऊन पुढे बसला, मोटर थांबली तर असावा म्हणून. रूपीनं मूठ पूर्ण फिरवली.

होडी निघाली. दक्षानं एका हातानं काठ धरला आणि दुसऱ्या हातानं मागच्या डबीत मीटरचे काटे टेकवले. आकडा उतरत उतरत नऊवर आला. मग ती बसल्या बसल्या सरकत पुढे गेली. होडी डुलली की डोळे मिटायची, थांबायची, पुन्हा सरकायची. बॅटरीपाशी पोचून तिनं काटे टेकवले. तिथं बाराच्या वर.

"इथं बारा निघतात आणि तिथं नऊ पोचतात," ती रूपीला म्हणाली. "मधले तीन वाटेतच कुठंतरी संपतात."

वाट म्हणजे फळ्यांखालून गेलेली प्लास्टिकची नळी. तिच्यातून दोन्ही वायरी जात होत्या. पण नळी होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती आणि बाहेरून सगळी सारखीच दिसत होती. सगळी उकलायची तर अख्खा दिवस जाणार. दक्षा म्हणाली, जिथं वीज अडते तिथं ती जागा तापते. एवढं ऐकलं आणि शितल पोत्यावरून सरळ झाली.

तिनं जे सांगितलं ते ऐकून रूपी तिच्याकडे बघतच राहिली. थंडीत सकाळच्या फेरीला सगळ्या कुडकुडत असायच्या. शितल मात्र रोज धावत येऊन मधल्या फळीवर बसायची, कारण तिथं बुडाला ऊब लागते. बाकीच्या तिला हसायच्या, म्हणून तिनं ते गुपित ठेवलं होतं. मशीनची होडी आहे, थोडी गरम व्हायचीच, असं तिला वाटलं होतं.

दक्षानं हत्यारं बाजूला केली. रूपीनं फळी उचलली आणि नळीवर हात ठेवला. हात ठेवला आणि लगेच उचलला. नळी चुलीजवळच्या भांड्यासारखी तापली होती. तिनं मोटर बंद केली. दक्षाही पुढे वाकली आणि तिनं हात लावून पाहिला. पाण्याच्या ऐन मध्यावर, मोटर बंद केलेल्या होडीत वाकून बसली असताना आपल्याला भीती वाटायची हे ती विसरली होती.

लडक्यानं होडी काठाला नेली. तिथं नळी कापून उघडली. आत एका वायरीला जोड होता. बसवणाऱ्यानं नीट केलेला, टेप घट्ट गुंडाळलेला. पण होडीच्या तळाशी नेहमी थोडं पाणी साचतं, ते दोन वर्षांत टेपच्या आत शिरलं होतं. टेप सोडवल्यावर हिरवी भुकटी सांडली. तांब्याच्या तारा एक एक करून झिजल्या होत्या, चार-पाच तेवढ्या धरून होत्या.

दक्षानं सगळ्यांना समजेल असं सांगितलं. एवढ्याशा तारांतून मोटरला लागेल तेवढी वीज जात नाही, म्हणून भार पडला की मोटर मरते. आणि चार्जर लावला की वीज याच जागी तटते. चार्जरला वाटतं बॅटरी भरली, म्हणून तो हिरवा दिवा लावून मोकळा होतो. बॅटरी बिचारी अर्धीच; दुकानातून पूर्ण भरून आली होती तेव्हाच काय ती मोटर चालली. दुकानात बॅटरी आणि चार्जर जायचे, वायर इथंच राहायची. म्हणून दुकानात सगळं चांगलं निघायचं.

तिनं आणलेली जाड वायर बॅटरीपासून डबीपर्यंत सलग टाकली, मध्ये जोडच ठेवला नाही. ती नळीतून ओढायला रूपी आणि शितल होत्या. दोन्ही टोकांना तांब्याचे लग, म्हणजे वायर धरणाऱ्या कड्या, बसवून तिनं ते पकडीनं आवळले, वरून काळं रबरी कव्हर चढवलं. कव्हर आकसायला गरम हवा लागते, ती मारायचं यंत्र दुकानात राहिलं होतं. रंभानं चुलीतला निखारा पळीत घालून आणला. निखाऱ्यावर धरताच कव्हर आकसून वायरीला चिकटलं. शेवटी नळी तळातून उचलून होडीच्या काठाखाली बांधली, पाणी पोचणार नाही अशी.

चार्जर लावला. दिवा लाल झाला. भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाऊन झालं तरी लाल. ऊन कललं तरी लालच. पाड्यावरची माणसं येऊन येऊन शेडमध्ये डोकावत होती आणि दिवा अजून लाल आहे म्हणून खुशीत परत जात होती. दक्षानं मजुरी दुकानात घेते तेवढीच घेतली. शेवटची एसटी चुकू नये म्हणून ती निघाली तेव्हा बायकांनी तिच्या पिशवीत तांदळाच्या पापड्या, शेवग्याच्या शेंगा आणि जे जे हाती लागेल ते कोंबलं. पालथी पडलेली आपली जुनी होडी सुलटी करून लडक्या तिला वल्हवत पलीकडे सोडायला गेला, कारण नव्या होडीचा चार्जर काढू नका असं तिचं सांगणं होतं. रूपीही गेली. जाताना दक्षा मध्ये बसली होती आणि या वेळी पाण्याकडे बघत होती. रस्त्यावर चढल्यावर रूपीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्ही आला नसता तर," एवढंच ती म्हणाली.

"तुम्ही विचारलं नसतं तर," दक्षा म्हणाली. "सगळं चांगलं आहे असं सांगितल्यावर लोक निघून जातात. तुम्ही बसून राहिलात."

परतताना होडीत दोघंच होते. पाणी शांत होतं. लडक्याची वल्ही पडत होती आणि प्रत्येक वेळी उजवं वल्हं उचलताना तो दात आवळत होता. रूपीनं ते आज पहिल्यांदा पाहिलं. तिनं मन घट्ट केलं.

"काका, एवढे दिवस तू आलास म्हणून आमचा मोगरा वाचला," ती म्हणाली. "आणि मी तर तुझं काम घेतलं. तुला हाक मारायलाही मला तोंड नव्हतं."

लडक्यानं वल्ही वर घेतली. होडी आपल्याच वेगानं थोडी पुढे जात राहिली.

"काम घेतलं?" तो म्हणाला. "पोरी, माझा हा खांदा किती वर्षं गेला हाय. रात्री या कुशीवर झोपता येत नाय. पण काठावर माणूस उभा राहून हाक मारतो, त्याला नाय कसं म्हणायचं? मशीन आली त्या दिवशी मी देवाला नारळ फोडला. म्हातारीला विचार."

रूपीला हसूही आलं आणि डोळेही भरले. मग इतकी वर्षं काही बोलला का नाहीस, असं तिनं विचारलं. लडक्या म्हणाला की ती दिसली की गुरांचं विचारून पळून जायची, त्याला वाटायचं पोरगी घाईत आहे. मग पुन्हा वल्ही का उचललीस, हे मात्र तिनं विचारलं नाही. त्याचं उत्तर त्यानं आधीच दिलं होतं. तिनं उठून त्याच्या हातातलं उजवं वल्हं काढून घेतलं आणि त्याच्या शेजारी बसली. दोघं एक एक वल्हं मारत पाड्याला लागले. तिला नीट जमत नव्हतं, होडी वाकडीतिकडी जात होती, आणि लडक्या तिला काहीही शिकवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोटर पहिल्या झटक्याला चालू झाली आणि पलीकडे पोचेपर्यंत एकदाही मंदावली नाही. टेंपो अजून यायचा होता. शितलनं फळीवर हात ठेवून पाहिला आणि थंडगार आहे म्हणून तक्रार केली. रूपीनं टोपल्यांचा फोटो काढून दक्षाला पाठवला, कळ्या मिटलेल्या, वर दव. दक्षाचा लगेच उलट प्रश्न आला, आता मीटर लावून बघितलं का. रूपीनं लिहिलं, मीटर नाही, पण मोटर थांबली नाही.

टोपल्या उतरवून ती परत पाड्यावर आली आणि तशीच लडक्याच्या घरी गेली. तलासरीच्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर कधी येतात ते तिनं आदल्या रात्रीच फोनवर विचारलं होतं, ते आजच यायचे होते. लडक्या आढेवेढे घेत होता, गुरं आहेत म्हणत होता. रंभानं त्याचा धुतलेला सदरा आणून समोर धरला. गुरं मी बघते, असं ती म्हणाली.

होडीत तो पुढे, वल्ह्यांच्या जागी बसायला निघाला. रूपीनं त्याला मध्ये बसवलं. होडी सुटली. हातांत काही नव्हतं म्हणून त्यानं ते आधी गुडघ्यांवर ठेवले, मग मांडीखाली, मग दोन्ही बाजूंच्या काठांवर. थोड्या वेळानं त्यानं डावा हात पाण्यात सोडला आणि पलीकडचा काठ येईपर्यंत तो तसाच राहू दिला.